पाडायला निघाले होते ‘सायक्लोन’!

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘सायक्लोन’ नावाची रोलर कोस्टर आहे, १९२७ सालची. उंची फक्त ८५ फूट. आज तिच्या चौपट उंच कोस्टर आहेत. तरी शौकीन लांबून हिच्यासाठीच येतात. का?

सांगाडा पोलादी, पण ट्रॅक लाकडाचा. म्हणून ती खडखडते, हाडं खिळखिळी करते. चढ ओलांडून गाडी खाली झेपावते, तेव्हा आपण सीटवरून चक्क उचलले जातो. यालाच म्हणतात एअरटाइम!

१९७०च्या दशकात शेजारच्या मत्स्यालयाला जागा हवी होती, म्हणून ती पाडायचं घाटत होतं. लोक अडून बसले, ती वाचली. १९८८ला शहरानं तिला वारसा वास्तूचा दर्जा दिला. उंचीचा विक्रम उद्या मोडेल हो. पोटात आलेला तो गोळा मात्र लक्षात राहतो.