डोंगर सरकण्यापूर्वी
(डोकमर्डी येथील ग्रामस्थ व शिक्षकांसाठी भाषण)



डोकमर्डीसारख्या सिल्वासाच्या वस्तीत राहणाऱ्यास दरडीचे भय दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खानवेलच्या रस्त्याला लागले की डोंगर दिसू लागतात, आणि पुढे जव्हार-मोखाड्याचे पाडे तर डोंगरउतारावरच वसलेले आहेत.

हिमालयात हिमकडा कोसळण्याचा धोका जोखणारे जाणकार उतारावर खड्डा खणून बर्फाचे थर तपासतात. वरचा जड थर खालच्या कच्च्या थरावर टेकलेला आढळला, तर तो उतार टाळतात. सह्याद्रीत बर्फ नाही, पण थर आहेत. खाली काळा कातळ, त्यावर मुरूम व माती. पाऊस मातीत मुरतो, कातळाशी अडतो. मातीचे वजन वाढते आणि तिची पकड सुटते. म्हणून आज किती पाऊस पडला एवढेच पाहून भागत नाही, मागील तीन-चार दिवसांत किती मुरला हेही पाहावे लागते.

पुणे जिल्ह्यातील माळीण गाव 30 जुलै 2014 रोजी सकाळी गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. नेहमीच्या फेरीची एस.टी. घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेर वार्ता कळली. महाड तालुक्यातील तळिये येथे 22 जुलै 2021 रोजी, तर खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीत 19 जुलै 2023 च्या रात्री हेच घडले. इर्शाळवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. यादी आवश्यकच आहे. मात्र तीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहावे, असे यादी करणाऱ्यांनाही अभिप्रेत नसावे.

उताराची पाहणी गावकऱ्यांइतकी नित्य कोणी करू शकत नाही. गुरे घेऊन वर जाणाऱ्यास जमिनीला गेलेली नवी भेग प्रथम दिसते. झाडे वा विजेचे खांब कलणे, भिंतीला तडे जाणे, दार चौकटीत अडकू लागणे, नव्या जागी पाझर फुटणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा भर पावसात ओढ्याचे पाणी अचानक घटणे, ही सारी लक्षणे होत. यांपैकी एखादे आढळल्यास तलाठी व सरपंच यांना तत्काळ कळवावे. महाराष्ट्रात जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. मात्र उत्तराची वाट पाहत घरात थांबू नये. उजेड आहे तोवर म्हातारीकोतारी, मुले व गुरे उताराच्या वाटेतून बाजूला न्यावीत. ओढ्याच्या काठाने खाली उतरू नये, कारण चिखलदगडांचा लोंढा बहुधा त्याच वाटेने येतो.

शाळेकडे पर्जन्यमापक नसल्यास सरळ काठाचे, सपाट बुडाचे भांडे व मोजपट्टी यांवर काम चालते. शिक्षकांनी ते उघड्यावर, झाडाच्या छायेपासून दूर ठेवावे, रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजून ओतून द्यावे आणि फळ्यावर दोन आकडे लिहावेत: त्या दिवसाचा व मागील तीन दिवसांच्या बेरजेचा.