१६ वर्षांचा डॉक्टर आणि तंजावरचा राजा

आज मी तंजावरातून बोलतोय, पण सुरुवात एका अमेरिकन मालिकेपासून करू. १९८९ ते १९९३ या काळात तिकडे ‘डूगी हाउझर, एम.डी.’ नावाची हलकीफुलकी मालिका चालली. पहिल्याच भागात १६ वर्षांचा डूगी गाडी चालवण्याची परीक्षा देत असतो. वाटेत अपघात दिसतो आणि हा पोरगा परीक्षा सोडून जखमीकडे धावतो. कारण तो १४व्या वर्षीच डॉक्टर झालेला! म्हणजे ऑपरेशनला हात चालतो, पण गाडीचा परवाना अजून नाही.

तुम्ही म्हणाल, असं कुठं असतं का? जवळपास असतं. बालमुरली अंबाटी यांचा जन्म इथल्याच वेल्लोरचा, १९७७चा. अमेरिकेत ते १७व्या वर्षी डॉक्टर झाले आणि पुढे डोळ्यांचे सर्जन.

त्यांच्या बरोबर २०० वर्षं आधी, १७७७ साली, आणखी एक मुलगा जन्मला. सरफोजी. १७८७ मध्ये तुळजाराजांनी त्याला दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी ते वारले. गादी अमरसिंहांकडे गेली. हा दहा वर्षांचा पोर वाड्यात जवळजवळ कैदेत पडला. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं त्याची बाजू घेतली, १७९३ मध्ये त्याला मद्रासला शिकायला नेलं. १७९८ मध्ये तो राजा झाला खरा, पण पुढच्याच वर्षी कंपनीनं राज्यकारभार काढून घेतला. हाती उरला किल्ला आणि आसपासचा मुलूख.

दुसरा कुणी कुढत बसला असता. सरफोजींनी धन्वंतरी महाल उभा केला. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक, सगळं एका छताखाली आणलं. डोळ्यांच्या रुग्णांच्या हस्तलिखित नोंदी आणि डोळ्यांची चित्रं सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत.

डूगी प्रत्येक भागाच्या शेवटी संगणकावर डायरी लिहितो. मला दोघांचं नातं तिथं दिसतं. हुशारी लवकर आली की उशिरा, याला फारसं महत्त्व नाही. आज काय पाहिलं, रुग्णाला काय झालं, हे कुणीतरी लिहून ठेवलं, म्हणून पुढच्याला शिकता येतं.

आपली मुलं १०वीत पहिली आली नाहीत म्हणून झोप उडालेल्या आईबापांनी एकदा तंजावरला यावं. राज्य गेलेल्या राजानं काय राखलं, ते बघावं.