शब्दसंपदा मुलांच्या ओठी कशी रुळेल?

(नेपरव्हिल येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



रविवारच्या मराठी वर्गात मुलांना शब्द कसे शिकवावेत, या विषयावर बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आभारी आहे. मी अध्यापक नाही, वैद्यक व्यवसायी आहे. परंतु शब्दांचे दारिद्र्य किती महाग पडते, हे रुग्णाच्या खाटेशेजारी लवकर कळते.

उन्हाळ्यात आपल्या घरी भारतातून आजी-आजोबा येतात. आजीचे डोके ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते, छातीत जळजळते, हाताला मुंग्या येतात. डॉक्टरांच्या दृष्टीने ही पाच निरनिराळी लक्षणे आहेत आणि त्यांच्या तपासाच्या दिशाही भिन्न आहेत. येथे वाढलेल्या नातवापाशी मात्र या सर्वांसाठी 'दुखतं' एवढा एकच शब्द असतो. रुग्णालयात मुलांना दुभाषी करू नये, हे खरेच. २०१६ च्या संघराज्य नियमानेही तातडीचा प्रसंग वगळता त्यास मनाई केली. पण दुपारी घरात आजी आणि नातू दोघेच असतात, तेव्हा तिची व्यथा प्रथम त्यालाच समजावी लागते.

मग शिकवावे कसे? वीस शब्दांची यादी फळ्यावर लिहून ती घोकून घेण्याची आपली जुनी रीत येथे अपुरी पडते. एका वेळी पाचच शब्द घ्यावेत आणि तेही अर्थाने शेजारी असलेले. ठणका म्हणजे मुठीची लयबद्ध उघडझाप, चमक म्हणजे विजेसारखा क्षणिक झटका, कळ म्हणजे चढत जाऊन ओसरणारी लाट. एका मुलाने अभिनय करावा, इतरांनी शब्द ओळखावा. दोन शब्दांतील भेद कळला, की दोन्ही शब्द अधिक पक्के होतात.

दुसरी गोष्ट उजळणीची. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणाचा वेग मोजला. शिकलेले प्रारंभी फार झपाट्याने विसरते, असे त्यांना आढळले. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर व कार्पिके यांनी २००६ साली दाखविले, की मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न पाहता आठवून सांगणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला. म्हणून प्रत्येक वर्गाची पहिली पाच मिनिटे वह्या मिटून मागील शब्द आठवण्यासाठी राखावीत. तेच शब्द पुन्हा महिन्याने विचारावेत.

तिसरी गोष्ट, ओळखीच्या शब्दाचा हात धरून अनोळखी शब्दाकडे जावे. आपली मुले पालीतून वंदना म्हणतात, पण अनेकदा अर्थ न कळताच. त्यांना सत्त-सात, अट्ठ-आठ, हत्थ-हात, कण्ण-कान, दन्त-दात अशा जोड्या जुळवू द्याव्यात. 'सिक्खापद' शब्दातील 'सिक्खा' आणि आपले 'शिकणे' यांचे नाते त्यांना स्वतःच सापडू द्यावे. बाबासाहेबांनी सिद्ध केलेल्या पाली शब्दकोशात पाली शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी भाषांत दिले आहेत. महाराष्ट्र शासनाने तो त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केला. शब्दाशेजारी शब्द ठेवण्याची ही पद्धत आपल्या वर्गालाही उपयोगी पडेल.

वर्ग आठवड्यातून एकदाच भरतो, घर मात्र रोज असते. मूल 'माझी बॅक दुखते' म्हणाले, तर हसू नये, रागावूही नये. 'पाठ दुखते का? ठणकते की चमक मारते?' असे सहज विचारावे. योग्य शब्द त्याच्या कानी पडतो आणि त्याचा उत्साहही टिकतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. मराठवाड्याच्या आजीचे 'लेकरू' आणि विदर्भाच्या आजोबांचे 'पोट्टं' यांना अशुद्ध म्हणून वहीबाहेर ठेवू नका. आपल्या वाडवडिलांच्या बोलीला हिणवणारे पुष्कळ झाले. ते काम आपल्या वर्गाने करू नये. प्रमाण शब्दाच्या शेजारी बोलीतला शब्द लिहावा आणि तो कोणी सांगितला, त्यांचे नावही लिहावे. वर्षअखेरीस ती वही प्रत्येक कुटुंबाचा स्वतःचा शब्दकोश होईल. आजी पुढल्या उन्हाळ्यात येतील, तेव्हा त्यांच्या वेदनेला आणि त्यांच्या मायेलाही घरात समजून घेणारे कोणी असेल.