हौसेने काता, पण हिशेब सोडू नका
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलून झाले, विजेवर झाले, पीकविम्यावर झाले. आता सूतकताईवर कोणी बोलणार म्हटल्यावर काही जण गालातल्या गालात हसले. आंदोलन सोडून टकळ्या फिरवायच्या की काय, असे त्यांच्या मनात आले असेल. म्हणून पहिलेच वाक्य स्पष्ट बोलतो. सूत कातून तुमचे कर्ज फिटणार नाही. कापसाला भाव नसेल तर टकळी तो भरून देणार नाही. तसे कोणी सांगत असेल, तर त्याचे खुशाल ऐका. पण त्याच्या सदऱ्याचे सूत कुठून आले, तेवढे विचारा.

मी बोलणार आहे ते हौसेबद्दल. शेतकऱ्याला हौस असू नये असा काही कायदा नाही. कोणी भजनाला बसतो, कोणी शंकरपटाची जोडी राखतो. तशीच ही एक. पण या हौसेतून आपल्याला एक गोष्ट मिळते, जी दुसरीकडे मिळत नाही. जे आपण पिकवतो ते नेमके काय आहे, हे बोटांना कळते.

ज्वारी कळते, कापूस का कळत नाही?

आपल्या शिवारात ज्वारीही होते आणि कापूसही होतो. ज्वारीचा दाणा दाताखाली धरला की आपण सांगतो, वाळला आहे की नाही. पीठ मळले की बाई सांगते, विरी आहे की गेली. भाकरी फुटली तर का फुटली हे घरातल्या पोरीलाही कळते. म्हणून ज्वारीच्या व्यापाऱ्याने 'माल हलका आहे' म्हटले, तर आपण त्याच्याशी वाद घालू शकतो. कारण ज्वारी आपण खातो.

कापसाचे काय? आपण तो पेरतो, निंदतो, फवारतो, वेचतो. सीतादही करून पहिला कापूस घरी आणतो. मग गाडी भरून जिनिंगवर नेतो आणि तिथे आपला नि कापसाचा संबंध संपतो. त्याची रुई कशी झाली, सूत कसे निघाले, कुठे तुटले, हे आपल्याला कोणी सांगत नाही आणि आपण विचारत नाही. समोरचा माणूस बोंडातला कापूस चिमटीत धरतो, ताणतो, तोंड वाकडे करतो आणि म्हणतो, 'धागा आखूड आहे.' आपण गप्प बसतो. त्याने चिमटीत काय पाहिले, हे आपल्याला माहीत नसते. पिढ्यान् पिढ्या कापूस पिकवणारा माणूस त्या चिमटीपुढे अडाणी ठरतो. याचे मला वाईट वाटते आणि रागही येतो.

हे अडाणीपण जायला शाळा नको, अनुदान नको. वीतभर टकळी पुरते.

टकळी हातात घ्या

तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना टकळी आठवत असेल. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम निघाली. पुढे आपल्याकडे मूलोद्योगाच्या शाळांतून पोरे सूत कातत. तीच ही टकळी. लोखंडाची बारीक काडी, खालच्या अंगाला पितळेची चकती, वर सूत अडकवायला आकडा.

पहिल्यांदा आपल्याच शेतातला पसाभर कापूस घ्या. त्याची सरकी काढा. हाताने निघते, पण वेळ लागतो. सपाट पाटावर कापूस ठेवून त्यावरून गुळगुळीत लोखंडी सळई दाबून फिरवली की सरकी पुढे सटकते आणि रुई मागे राहते. मग ती रुई बोटांनी मोकळी करा. धनुकली असेल तर पिंजून घ्या. त्यातला पाला, कवडी, कचरा निघून गेला पाहिजे. मोकळी रुई पाटावर पातळ पसरा, एखाद्या गुळगुळीत काडीवर हलकेच गुंडाळा आणि काडी ओढून घ्या. करंगळीएवढा जाड, वीतभर लांब असा पेळू तयार होतो.

टकळीला तयार सुताचा तुकडा बांधा, आकड्यातून वर घ्या आणि त्याचे टोक पेळूला भिडवा. टकळीचे टोक वाटीत टेकवा. उजव्या हाताने टकळीला पीळ द्या, डाव्या हातात पेळू सैल धरून हात वर न्या. पीळ जसा वर चढतो तसे रुईचे सूत होत जाते. हातभर झाले की आकड्यातून काढून टकळीवर गुंडाळा आणि पुन्हा तेच.

पहिल्या दिवशी सूत कुठे सुतळीसारखे होईल, कुठे केसासारखे, आणि केसासारखे असेल तिथे तुटेल. तुटू द्या. ज्यांनी अंबाडीचा वाख वळून दोर केला आहे त्यांना हे काम नवे नाही. पीळ कमी पडला तर दोर उकलतो, जास्त झाला तर गाठी मारतो. सुताचेही तसेच. मे महिन्याच्या दुपारी कातायला बसू नका. कोरड्या हवेत सूत फार तुटते. सूतगिरण्यांतही हवेत मुद्दाम ओलावा ठेवतात. सकाळची वेळ बरी.

आणि एक सांगतो. दिवसभर वेचणी करून, रात्री भाकरी थापून झाल्यावर बाईने सूत कातत बसावे, असे मी सांगायला आलेलो नाही. तिच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवायचे आणि त्याला हौस म्हणायचे, हे चालणार नाही. पारावर बसणाऱ्या पुरुषांनी आधी टकळी उचलावी.

चार ढीग, चार पेळू

हात थोडा बसला की खरी मजा सुरू होते. चार ठिकाणचा कापूस वेगळा ठेवा. एक पहिल्या वेचणीचा, एक तिसऱ्या वेचणीचा, एक फरदडीचा आणि एक पावसात भिजलेला. चौघांचे वेगवेगळे पेळू करा आणि एकाच हाताने कातून पाहा.

पहिल्या वेचणीचा कापूस सरसर येईल. भिजलेल्याचा रंग गेलेला असेल आणि धागा ओढताच तुटेल. फरदडीचा कापूस पिंजताना बारीक बारीक गुठळ्या होतील, कितीही मोकळा केला तरी जाणार नाहीत. का? झाडाला पाणी नसते, अन्न नसते, वर किडीचा मार असतो. अशा बोंडातला तंतू भरत नाही, पोकळ राहतो. पोकळ तंतू एकमेकांत गुंततात आणि गाठी होतात. सूतगिरणीवाला ज्याला मायक्रोनेअर म्हणतो तो हाच प्रकार आहे. यंत्रात कापसातून हवा सोडतात आणि तंतू किती भरलेला, किती जाड ते मोजतात. आकडा फार खाली गेला तर तंतू बहुधा कच्चा, फार वर गेला तर जाडाभरडा. यंत्रातला आकडा तुम्ही मोजला नाही, पण त्याचा अर्थ तुमच्या बोटांनी पाहिला.

लांबीचेही तसेच. कापसाचा छोटा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढा, तुकडे एकावर एक ठेवा, पुन्हा ओढा. दहा-बारा वेळा असे केले की तंतू सरळ होतात. ते काळ्या पाटीवर ठेवा आणि पोराच्या कंपासातली पट्टी लावा. जिनिंगवर चिमटीत पाहिले जाते ते हेच. त्यात काही जादू नाही.

आखूड धागा म्हणजे वाईट कापूस असे मात्र समजू नका. ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल आखूड धाग्याच्या देशी कापसाची होती. माणसाचा हात आखूड तंतूलाही सांभाळून घेतो. मिलचे चाते मिनिटाला पंधरा हजारांहून जास्त फेरे घेते. ते कोणाला सांभाळत नाही. त्या वेगाला टिकायला तंतू लांब आणि मजबूत लागतो. लांब धाग्याला भाव जास्त आहे तो यंत्राच्या या गरजेमुळे.

पाच मिलिमीटरचे चारशे रुपये

आता हे कशाला कळायला हवे ते पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर केला. मध्यम म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर. लांब म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर. मधल्या पाच मिलिमीटरची किंमत क्विंटलमागे ४०० रुपये आहे. शिवाय ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात आणि १२ टक्क्यांच्या वर गेला की हमीभावाच्या खरेदीत माल नाकारतात.

वीस क्विंटल कापूस असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या पाच मिलिमीटरवर आठ हजार रुपये इकडचे तिकडे होतात. आणि हा निर्णय चिमटीत होतो!

तुमची टकळी तुम्हाला मिलिमीटर सांगणार नाही, पट्टीही अंदाजच देईल. नेमका आकडा यंत्रच देते. अशी यंत्रे आहेत. मुंबईत माटुंग्याला १९२४ सालापासून कापसाच्या तंतूची तपासणी करणारी सरकारी संस्था आहे, नागपूरला १९७६ सालापासून कापूस संशोधनाची केंद्रीय संस्था आहे. म्हणजे ज्ञान आहे, यंत्र आहे, पण काट्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हातात तपासणीची चिठ्ठी नाही. वजनाची पावती मागायला आपण शिकलो. आता धाग्याची आणि ओलाव्याची पावती मागायला शिकायचे आहे. ज्याने स्वतः सूत कातले आहे तो ही मागणी खालच्या आवाजात करणार नाही.

एका सदऱ्याचा हिशेब

आता टकळीवरच बसून एक हिशेब करू. वीस नंबरचे सूत धरा. एक ग्रॅममध्ये ते साधारण ३४ मीटर भरते. कापडात सेंटीमीटरला उभे वीस आणि आडवे वीस धागे धरले, तर एक चौरस मीटर कापडाला ४,००० मीटर सूत लागते. सदऱ्याला दोन चौरस मीटर धरा. झाले ८,००० मीटर, वजन पाव किलोच्या आत.

हात बसलेला माणूस टकळीवर तासाला शंभर मीटर कातेल असे धरू. म्हणजे एका सदऱ्याच्या सुताला ८० तास. तेवढे सूत गिरणीत शंभर रुपयांच्या आत होते. ऐंशी तासांचे शंभर रुपये. तासाला सव्वा रुपया! म्हणून म्हणतो, पोटासाठी टकळी धरू नका आणि कोणी धरायला सांगितली तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

हा प्रश्न जुना आहे. विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला नुसत्या कताईच्या मजुरीवर जगून पाहिले. १९३५ साली चरखा संघाने ठराव केला, की आठ तास नीट काम करणाऱ्या कातणाऱ्याला निदान पोटापुरती मजुरी मिळाली पाहिजे. त्याने खादी महागली आणि खपाची काळजी उभी राहिली. तरीही त्यांनी तो ठराव केला. माल स्वस्त पाहिजे म्हणून करणाऱ्याने उपाशी राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. आपण घामाचे दाम मागतो ते यापेक्षा वेगळे काय मागतो?

हिशेबाची दुसरी बाजूही बघा. पाव किलो सुताला नासधूस धरून तीनशे ग्रॅमच्या आत रुई पुरते. किलोभर कापसातून साधारण ३४० ग्रॅम रुई निघते. म्हणजे एका सदऱ्याला किलोच्याही आत कापूस लागला. लांब धाग्याच्या पुऱ्या हमीभावाने त्याचे झाले ८१ रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. आणि सरकी जिनिंगवाल्याकडेच राहिली. तिचे तेल झाले, ढेप झाली, ती ढेप आपणच बैलासाठी विकत आणली. दुकानात सदरा कितीला मिळतो ते तुम्हाला माहीत आहे. मधे गिरणीवाला, विणणारा, रंगारी, शिंपी, दुकानदार सगळ्यांचे कष्ट आहेत, ते मी नाकारत नाही. पण कापसाला चार पैसे जास्त दिले तर कापड महागेल आणि गरीब उघडा पडेल, असे जो सांगतो त्याच्यापुढे हे आकडे मांडा. क्विंटलला हजार रुपये वाढवून दिले, तरी सदऱ्यामागे कापसाचे दहाच रुपये वाढतात. दहा रुपयांनी कोणी उघडा पडत नाही. क्विंटलला हजार रुपये कमी मिळाले तर पिकवणारा मात्र पडतो.

तेव्हा काम एवढेच. गावात पाच-सात टकळ्या आणा. म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा, त्यांचा हात अजून विसरलेला नाही. पोरांना बसवा, त्यांना खेळ म्हणून आवडेल. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या चार वेचण्यांचा कापूस, वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, आणि प्रत्येकाचे दहा हात सूत आणावे. पुडीवर वाण, वेचणीची तारीख आणि मिळालेला भाव लिहा. सगळ्या गावांच्या पुड्या एका टेबलावर मांडू आणि पाहू, चांगल्या सुताला चांगला भाव मिळाला की नाही. नसेल मिळाला, तर त्या पुढच्या बैठकीचा विषय तयार आहे.