कुंडीतला लव्हाळा



लव्हाळा म्हटला की आपणांस तुकोबा आठवतात. खुरपणी करणाऱ्या बाईला कंबरेची कळ आठवते. आमचे आयुष्य मजुरांच्या सभांत गेले, तेव्हा आम्ही बाईच्या बाजूने बोलणार, हे उघड आहे.

या कुळात पाच हजारांवर जाती आहेत. गवताची काडी बहुधा पोकळ, पेरांची. यांची भरीव, बिनपेराची, पुष्कळदा तीनधारी. शोभेसाठी आपण लावतो तो छत्रीसारख्या पानांचा लव्हाळा मूळचा आफ्रिकेतला. त्याला पाण्याची हाव मोठी. बिनभोकाची कुंडी घ्यावी, पाणी हटू देऊ नये, डासांसाठी गप्पी मासे सोडावेत. रोप विकत कशाला? शेजाऱ्याकडून एक छत्री मागावी, पाने अर्धी छाटावीत आणि ती पाण्यात उलटी ठेवावी; दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. वाढलेला झुबका मात्र ओढ्यात टाकू नये. तो तिथे ठाण मांडतो.

याचाच देशी भाऊ मोथा. त्याच्या गाठी जमिनीखाली माळेसारख्या पसरतात; वरून उपटला तरी गाठ राहते व पुन्हा फुटते. आमच्या वसाहतीच्या बागेसाठी आम्ही एकदा फुकटची माती आणली. तीतून हा आला. तीन वर्षे खुरपणी चालली. तिसऱ्या वर्षी खजिनदारांनी मजुरीवर हरकत घेतली. बाई म्हणाल्या, "भाऊ, माती तुम्ही आणलीत, वाकायचं मी." हरकत मागे घेतली गेली.