ती सही मी न वाचता केली

(वनहक्क मेळाव्यातलं भाषण. बोलणारे भाऊ आधी शिरूर-दौंड भागात बातमीदार होते, नंतर पंचायत समितीवर निवडून आले. बोलले तसं उतरवून घेतलं आहे.)



मी तुमच्या रानातला नाही. माझा मुलूख शिरूर-दौंड. तिकडं भीमा आणि घोड नदीच्या पाण्यावर ऊस आहे, रांजणगाव-कुरकुंभला कारखाने आहेत. पण पाणी पोचत नाही तिथं माळ आहे, वन खात्याची जमीन आहे. तिच्या कडेला पारधी, भिल्ल, ठाकर यांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या बातम्या मी द्यायचो. कुणाचं झोपडं मोडलं, कुणाच्या बाजरीत गुरं घातली. बातमी छापून यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच कागदात भजी मिळायची. म्हणून म्हटलं, आत जाऊन बसावं. उभा राहिलो, निवडून आलो.

आता आतलं सांगतो. वनहक्काच्या 2006 च्या कायद्यात ग्रामसभेनं मंजूर केलेला दावा उपविभागीय समितीकडं जातो. तिथं प्रांतसाहेब अध्यक्ष, वन खात्याचा अधिकारी, आदिवासी विकासचा अधिकारी, आणि जिल्हा परिषदेनं नेमलेले पंचायत समितीचे 3 सदस्य. त्या तिघांत मी एक.

पहिल्याच बैठकीत गठ्ठा समोर आला. प्रत्येक दाव्यावर एकाच हातानं लिहिलेला एकच शेरा. पुरावा अपुरा, दंडाची पावती नाही. चहा आला, इतिवृत्त फिरलं, मी सही केली. बातमीदार असतो तर असल्या सदस्याला मी सोलून काढला असता!

पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव फुले सभासद होते. 1880 साली लॉर्ड लिटनच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचं ठरलं, तेव्हा 32 जणांत ते एकटे नाही म्हणाले. मला साधं “एक दावा वाचून दाखवा” म्हणणं जमलं नाही.

महिन्याभरानं वस्तीवरची एक म्हातारी भेटली. तिचाही दावा त्या गठ्ठ्यात होता. ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “बाबा, सही केलीस ती वाचून केलीस का?”

त्या रात्री नियम काढले. बातमीदार असतानाही ते कधी वाचले नव्हते, हेही कबूल करतो. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा, पण त्याला पावतीच पाहिजे असं कुठंच नाही. जुनी विहीर, घराचा चौथरा, शेताचा बांध, मसणवटा, दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, हे सगळे पुरावेच. निदान दोन जोडायचे. अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. दावा फेटाळला तर कारण लेखी द्यायचं, दावेदाराला स्वतःला कळवायचं. पुढं 60 दिवसांत जिल्हा समितीकडं जाता येतं.

म्हातारीचे किती दिवस उरले ते मोजायला बसलो. तर तिला कागदच मिळाला नव्हता. दिवस मोजायचे कुठून? हाच मुद्दा धरून अपील लिहिलं, जबाब घेतले, दावा फेरतपासणीला परत आला. बाकीच्यांच्या घरी गेलो तर काही जण वस्ती सोडून कुठं कामाला गेलेले. त्यांच्या दाव्यावर माझी सही तशीच आहे.

आता तुम्हाला विचारतो. तुमच्या प्रांताच्या समितीवर पंचायत समितीचे ते तिघं कोण, कुणाला ठाऊक आहे? हात वर करा.

दोनच? बरं. मग जेवणाआधी तेवढी नावं काढू.