डोक्यात शिरत नाही, असं म्हणू नका



गटाचे हिशेब मोबाइलवर आले तेव्हापासून बैठकीत एक वाक्य आम्हाला सारखं ऐकू येतं. "ताई, आता वय झालं, डोक्यात काही शिरत नाही. तुम्हीच भरा." मग फोन एकीच्याच हातात राहतो. दहा जणींच्या बचतीचा हिशेब एकटीलाच कळावा, हे गटासाठी बरं नाही. म्हणून आज या 'शिरत नाही'बद्दलच बोलू.

कॉम्प्युटरला आकडा एकदा दिला की तो जसाच्या तसा ठेवतो. मागाल तेव्हा तोच काढून देतो. आपला मेंदू म्हणजे अशी पेटी नाही. त्यात सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. आपण शिकतो तेव्हा त्यांच्यातले जोड बळकट होतात. रानातून रोज ये-जा केली की पायवाट पडते, जाणं थांबलं की गवत माजतं, तसंच हे. एकदा पाहिलेलं विसरलं म्हणजे डोकं बिघडलं नाही. वाट अजून मळलेली नाही, एवढंच.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली ते छापले. नवं पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं. पण तेच पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, असं त्याला दिसलं. म्हणजे विसरलं तरी पहिली मेहनत वाया जात नाही.

आणि वयाचं म्हणाल, तर लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्या मेंदूतला, ठिकाणं लक्षात ठेवणारा एक भाग इतरांपेक्षा मोठा आढळला. ती सगळी मोठी माणसंच होती, शाळकरी पोरं नव्हती.

आता आपली ताकद कुठे आहे ते ऐका. समजा, एकीला ५,००० रुपये कर्ज दिलं. महिना शेकडा २ रुपये दराने व्याज झालं १०० रुपये. भरताना एक शून्य जास्त पडलं, तर मोबाइल निमूटपणे ५०,००० धरून १,००० रुपये व्याज दाखवेल. गणित त्याचं बरोबरच असेल! पण बैठकीतली बाई लगेच म्हणेल, "अगं, एवढे पैसे आपल्या गटात होते कधी?" मशीन दिलेला आकडा मोजतं. त्या आकड्यामागचं घर, पीक, आजारपण आपल्याला ठाऊक असतं. म्हणून आकडे वाचणाऱ्या बायका गटात जास्त हव्यात.

मग शिकायचं कसं? एका दिवसात सगळं नको. आज फक्त बचतीची नोंद. दुसरीने करताना नुसतं बघू नका, स्वतःच्या बोटाने करा. दोन दिवसांनी न विचारता आठवून बघा. अडलं तर विचारा. आठवायला जो ताण पडतो, त्यानेच वाट पक्की होते. रात्री झोपही पुरेशी घ्या, कारण दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं.

आम्ही सगळ्या समन्वयकांनी ठरवलंय, पुढच्या बैठकीपासून फोन पाळीपाळीने फिरेल. पाळी आली की "तुम्हीच भरा" म्हणू नका. शेजारी आम्ही बसलेल्या असूच.